अण्णांच्या किडनीसाठी 'नॅनो स्टेम सेल' सुचवलंय, साडेचार लाख. खरंच असतं का असं काही?

भातवाला_पोरगा

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही शाहूवाडी तालुक्यातले. सव्वा महिन्यापूर्वी भात कापताना अण्णांच्या (वडील, वय ५८) पायाला घोणस चावली. गाडी मिळून तालुक्याला पोचेपर्यंत दीड तास गेला, तिथे सापाची लस सुरू केली आणि मग कोल्हापूरला हलवलं. जीव वाचला, पाय पण वाचला. पण तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ बंदच झाली, क्रिएटिनीन (रक्तातला कचरा, किडनी बिघडली की वाढतो) ९.४ वर गेलं, मानेत नळी घालून डायलिसिस सुरू केलं. आठवड्यातून ३ वेळा. आज ३६ दिवस झाले. मधे दहा-बारा दिवस लघवी कपभर पण होत नव्हती, आता चार दिवस झाले थोडी वाढलीये असं आई म्हणते, पण डायलिसिस चालूच आहे.

आता मुद्दा. माझा आतेभाऊ पुण्यात आयटीत आहे, त्याने एका क्लिनिकचं ब्रोशर पाठवलंय. त्यात लिहिलंय की पोटाच्या चरबीतून स्वतःच्याच स्टेम सेल काढायच्या, त्यांना नॅनो पार्टिकल लावून 'पॉवरफुल' करायच्या आणि शिरेतून सोडायच्या, मग त्या किडनीत जाऊन नवीन किडनी तयार करतात. ३ डोस, साडेचार लाख. आत्याने घरात रडून गोंधळ घातलाय की पैशासाठी भावाला असाच ठेवणार का. दहा गुंठे विकायची बोलणी पण सुरू झालीत. आमचे किडनीचे डॉक्टर एवढंच म्हणाले की "थांबा जरा", पण का थांबायचं ते सांगायला त्यांना वेळ नसतो, बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात.

मी बी.कॉम. आहे, मला यातलं ओ की ठो कळत नाही. हे नॅनो प्रकरण थापाच आहे का त्यात काही तथ्य आहे? कुणी यातलं जाणकार असेल तर कृपया साध्या भाषेत सांगा.

---

रात्रपाळी

दादा, मी मेडिसिनचा रेसिडेंट आहे, नेफ्रॉलॉजिस्ट नाही, आणि पेशंट न बघता बोलतोय हे धरून वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे ब्रोशरवाले 'किडनी फेल' ही एकच पाटी दोन वेगळ्या आजारांवर लावतात. शुगर-बीपीने किडनी दहा-पंधरा वर्षं हळूहळू सुकत जाते तो एक प्रकार. अण्णांचं झालंय ते अचानक बसलेला मार, त्याला आम्ही एकेआय म्हणतो. घोणशीच्या विषाने रक्त गोठायची सगळी व्यवस्थाच बिघडते, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, बीपी पडतं, रक्तपेशी फुटून त्यातलं रंगद्रव्य किडनीच्या नळ्यांत जाऊन बसतं. आणि किडनीचं काम बघा, दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळते आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत आत ओढून घेते. हे ओढायचं काम करणाऱ्या नळीच्या पेशींना ऑक्सिजन भरपूर लागतो, म्हणून रक्तपुरवठा कमी पडला की पहिल्या त्याच मरतात.

पण याच पेशींची एक चांगली खोड आहे. शेजारची वाचलेली पेशी विभागते आणि उघडी पडलेली जागा भरून काढते. त्यामुळे नुसता नळ्यांना मार बसला असेल (याला एटीएन म्हणतात) तर बऱ्याच जणांची किडनी आपली आपण परत चालू होते, कुणाची दोन-तीन आठवड्यांत, कुणाची दोन-तीन महिन्यांत. आम्ही ९० दिवसांपर्यंत वाट बघतो, त्यानंतरच कायमचं नुकसान झालंय असं धरतो. तुमचे ३६ दिवस झालेत.

एक वाईट शक्यता पण सांगतो, लपवत नाही. घोणशीमध्ये कधी कधी किडनीची बाहेरची सालच मरते, कॉर्टिकल नेक्रोसिस म्हणतात त्याला, ती नीट भरून येत नाही. त्यात लघवी बरेच आठवडे अगदी ठणठणीत कोरडी राहू शकते. तुमच्याकडे लघवी वाढतेय ही चांगली खूण आहे, पण डॉक्टरांना सरळ विचारा की "साहेब, एटीएन वाटतंय का कॉर्टिकल नेक्रोसिस, सीटी किंवा बायोप्सीची गरज आहे का". एवढा एक प्रश्न विचारा, त्याला ते दोन मिनिटं नक्की देतील.

आणि आता गंमत बघा. समजा सहाव्या आठवड्यात तुम्ही पेशी टोचून आणल्या आणि आठव्या आठवड्यात डायलिसिस सुटलं. नाव कुणाचं होणार? क्लिनिकचं. व्हिडिओ कुणाचा काढणार? अण्णांचा.

---

आशा_अमर

इतकं निगेटिव्ह नका बोलू हो. जपानमध्ये स्टेम सेलने काय काय बरं होतंय, आपल्याकडेच डॉक्टर लोकांना डायलिसिस चालू ठेवायचं असतं. स्वतःच्याच पेशी आहेत, फायदा झाला तर झाला, तोटा तर नाही ना? माझा सल्ला, करून बघा.

---

नॅनोनाना

धागा बघून राहवलं नाही. माझी पीएचडी बायोमटेरियलमध्ये आहे, सध्या परदेशात पोस्टडॉक करतोय, हायड्रोजेल आणि स्टेम सेल हेच रोजचं काम, बरीच वर्षं उंदरांच्या किडन्या कापून बघण्यात गेलीत. त्यामुळे 'नॅनो म्हणजे थापा' असं मी म्हणणार नाही, माझं पोट त्याच्यावर आहे :) पण ब्रोशरमध्ये जे लिहिलंय आणि लॅबमध्ये जे चाललंय त्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी पेशींबद्दल. चरबीतून, बोनमॅरोमधून किंवा बाळाच्या नाळेतून ज्या पेशी काढतात त्यांना मेझेन्कायमल स्टेम सेल म्हणतात, आपण एमएससी म्हणू. 'नवीन किडनी तयार करतात' हे वाक्य धडधडीत खोटं आहे. माणसाच्या एका किडनीत सरासरी दहा लाखाच्या आसपास नेफ्रॉन (म्हणजे एक छोटी गाळणी आणि तिची नळी) असतात आणि ते सगळे आईच्या पोटातच बनतात, जन्मानंतर नवा एकही बनत नाही. एमएससी किडनीत जाऊन नेफ्रॉन होत नाहीत. त्या काय करतात तर रसायनं सोडतात, व्हीईजीएफ, एचजीएफ, आयजीएफ-१ वगैरे. त्याने सूज उतरते, मरणाऱ्या पेशी तग धरतात, आणि वर रेसिडेंट साहेबांनी सांगितलेली ती शेजारच्या पेशीची भरून काढायची धडपड जोरात होते. म्हणजे ह्या पेशी गवंडी नाहीत, मुकादम आहेत. १९९१ मध्ये ज्यांनी 'मेझेन्कायमल स्टेम सेल' हे नाव रूढ केलं त्या आर्नल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये लिहिलं की हे नाव आता बदला, लोकांची दिशाभूल होते.

आता ह्या मुकादमांना कामावर पोचवायचं कसं, सगळं घोडं तिथे अडतं. शिरेतून सोडलं की रक्त आधी हृदयात आणि मग फुप्फुसात जातं. एमएससीचा आकार साधारण १५ ते ३० मायक्रॉन, फुप्फुसातल्या केशवाहिन्या दहाच्या आतल्या. दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर गावठाणातल्या बोळात घातल्यासारखं होतं. बहुतेक पेशी फुप्फुसातच अडकतात आणि एक-दोन दिवसांत संपतात. किडनीपर्यंत पोचणाऱ्या अगदी थोड्या. ज्या पोचतात त्यांच्यापुढे काय वाढून ठेवलेलं असतं? सुजलेली, ऑक्सिजन नसलेली, विषारी फ्री रॅडिकलनी भरलेली जागा. तिथे त्या पण मरतात.

नॅनोमटेरियलचं खरं काम इथे सुरू होतं. तुम्ही भातवाले आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. तरवा कितीही चांगला असू दे, चिखलणी न करता कोरड्या ढेकळात लावला तर मरणारच. आमचं हायड्रोजेल म्हणजे ती चिखलणी. प्रथिनांचे छोटे तुकडे घ्यायचे, ते पाण्यात आपोआप एकमेकांना चिकटून काही नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीचे धागे होतात, धाग्यांची जाळी होते, आणि जाळीत पाणी धरून ठेवलं जातं. वजनाने ९९ टक्के पाणीच, हातात घेतलं तर जेलीसारखं. त्यात पेशी मिसळून किडनीत सोडल्या की त्या वाहून जात नाहीत, धरायला आधार मिळतो. चीनमधल्या तिआनजिनच्या नानकाई विद्यापीठाने २०१६ मध्ये यावर एक पुढचं पाऊल टाकलं, कायटोसान म्हणजे कोळंबी-खेकड्याच्या टरफलातून निघणारा पदार्थ, त्याच्या जेलला आयजीएफ-१ चा एक तुकडा रासायनिक पद्धतीने बांधला, म्हणजे चिखलात खत पण मिसळलेलं. चरबीतल्या एमएससी त्यातून उंदरांच्या जखमी किडनीत सोडल्या, तर नुसत्या पेशी सोडण्यापेक्षा त्या जास्त टिकल्या आणि किडनी पण चांगली सुधारली. उंदरांच्या, लक्षात ठेवा.

दुसरी पद्धत म्हणजे शिदोरी बांधून देणं. सेरियम ऑक्साइडचे नॅनोकण असतात, सेरियम धातू +३ आणि +४ अशा दोन अवस्थांत सारखा ये-जा करतो त्यामुळे तो फ्री रॅडिकल पुन्हा पुन्हा निकामी करू शकतो, एकदा वापरून संपत नाही. असे कण पेशींना आधी खायला घालायचे आणि मग पाठवायचं. कल्पना मस्त आहे. पण पेशी मेल्यावर ते कण लिव्हरमध्ये जाऊन किती वर्षं बसणार, ह्या प्रश्नाने आमच्या मीटिंगमध्ये दर वेळी सगळे गप्प होतात.

तिसरी म्हणजे माग काढणं. पेशींना आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण खायला घातले की एमआरआयमध्ये त्या काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात, बाहेरून चुंबक लावून त्यांना एका जागी ओढायचे प्रयोग पण झालेत. यात एक फसवणूक आहे जी मी स्वतः खाल्लीये. पेशी मरते, तिच्यातलं लोखंड आपल्याच शरीरातल्या मॅक्रोफेज पेशी गिळतात, आणि एमआरआयमध्ये काळा ठिपका तसाच्या तसा दिसत राहतो. तीन महिने आम्ही खुशीत होतो की पेशी टिकल्या. किडनी कापून बघितली तर ठिपका मॅक्रोफेजचा.

आता आशा_अमर यांच्या 'तोटा तर नाही ना' बद्दल. आहे. २०१० मध्ये थायलंडमधली केस नेफ्रॉलॉजीच्या मोठ्या जर्नलमध्ये छापून आलीये, ल्युपसने (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) किडनी खराब झालेल्या बाईला एका खाजगी ठिकाणी तिच्याच स्टेम सेल थेट किडनीत टोचल्या. तिथे रक्तवाहिन्या आणि रक्तपेशींच्या विचित्र गाठी तयार झाल्या. ती वाचली नाही. स्वतःच्याच पेशी होत्या. आणि २००७ मध्ये उंदरांच्या एका प्रयोगात एमएससी किडनीच्या गाळणीत राहिल्या आणि काही आठवड्यांनी त्यांची तिथेच चरबी झाली, गाळणीत चरबीच्या पेशी!

---

भातवाला_पोरगा

नॅनोनाना सर, चिखलणीवरून एकदम डोक्यात गेलं, अण्णांना वाचून दाखवलं तर ते पण हसले, बऱ्याच दिवसांनी. पण मग माणसांवर कुणी केलंच नाहीये का हे? आणि नॅनो कण इतके बारीक असतात तर ते सरळ किडनीत का जात नाहीत, पेशी कशाला पाहिजेत मधे?

---

नॅनोनाना

दोन्ही प्रश्न नेमके विचारलेत, बी.कॉम. आहे म्हणून कमीपणा घेऊ नका.

माणसांवर साध्या एमएससी, म्हणजे नॅनो वगैरे काही न लावलेल्या, दिल्या आहेत. सगळ्यात मोठी ट्रायल अमेरिका-कॅनडातली, २७ हॉस्पिटलं, हृदयाच्या ऑपरेशननंतर किडनीला मार बसलेले १५६ पेशंट. निम्म्यांना पेशी, निम्म्यांना नुसतं सलाईनसारखं. २०१८ मध्ये निकाल छापला. किडनी सुधारायला लागणारा वेळ, डायलिसिसची गरज, मृत्यू, कशातच फरक नाही. कंपनीने ट्रायल मधेच थांबवली होती. उंदरांमध्ये तेच औषध छान चाललं होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकारात आहे. किडनीची गाळणी साधारण ६ नॅनोमीटरच्या खालचे कण लघवीत सोडून देते, हे २००७ मध्ये क्वांटम डॉट (चमकणारे बारीक नॅनोकण) वापरून दाखवलं गेलं. म्हणजे फार बारीक केलं तर लघवीवाटे बाहेर, मोठं केलं तर लिव्हर आणि प्लीहा गिळून टाकतात. किडनीत थांबेल असा कण बनवणं हेच मुळात अवघड. २०१८ मध्ये डीएनएच्या घड्या घालून, कागदाच्या होडीसारख्या, विशिष्ट आकाराचे नॅनोकण बनवले ते उंदरांच्या किडनीत चांगले जमले आणि एकेआय कमी झाला. त्याचं कौतुक मला आमच्या स्वतःच्या कामापेक्षा जास्त आहे, बॉसला सांगू नका.

आणि पेशींशिवायचा एक मार्ग आहे तो म्हणजे एक्झोसोम. एमएससी जी रसायनं सोडतात त्यातली बरीचशी ३० ते १५० नॅनोमीटरच्या पिशव्यांत भरून सोडतात, निसर्गानेच केलेला नॅनोकण. इटलीतल्या तुरिनच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की पेशी न देता नुसत्या अशा पिशव्या दिल्या तरी उंदरांची किडनी जवळपास तितकीच सुधारते. मुकादमाला न पाठवता त्याच्या सूचना चिठ्ठीवर लिहून पाठवल्यासारखं. माझं वैयक्तिक मत, पुढे जाऊन पेशी मागे पडतील आणि ह्या चिठ्ठ्या हायड्रोजेलमध्ये घालून देणं हेच टिकेल, फुप्फुसात अडकायची भानगड बरीच कमी होते.

पण आज, अण्णांच्या घडीला, किडनीसाठी नॅनोमटेरियल लावलेल्या स्टेम सेलचं मान्यता मिळालेलं औषध जगात कुठेही नाही. पुण्यात नाही, जपानमध्ये नाही, आमच्या इथे पण नाही.

---

शंकासुर

नाना, एक शंका. तुम्ही म्हणता पेशी फुप्फुसात अडकतात म्हणून नॅनो पाहिजे. पण त्या १५६ वाल्या ट्रायलमध्ये तर शिरेतून दिल्याच नव्हत्या ना, कॅथेटरने महाधमनीत सोडल्या होत्या. म्हणजे फुप्फुस टाळूनसुद्धा फेल. मग रोग भलताच आणि तुमचं नॅनो भलत्याच गोष्टीवर असं नाही का झालं?

---

नॅनोनाना

पकडलंत. आमच्या फिल्डमध्ये पेपरच्या पहिल्या परिच्छेदात सगळे फुप्फुसाचं रडगाणं गातात आणि ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. मी पण वर तेच केलं.

माझ्या मते दोन गोष्टी नडल्या. एक म्हणजे वेळ. उंदराची रक्तवाहिनी आम्ही घड्याळ लावून बंद करतो आणि घड्याळ लावून उघडतो, पेशी कधी द्यायच्या ते आमच्या हातात. माणसात क्रिएटिनीन वाढलेलं दिसतं तेव्हा मार बसून एक-दोन दिवस झालेले असतात, आग लागून गेल्यावर बंब. दुसरं म्हणजे उंदीर तरुण, धडधाकट, सगळे एकाच वाणाचे. ट्रायलमधली माणसं वयस्कर, शुगर-बीपीवाली, छाती उघडून हृदयाचं ऑपरेशन झालेली. नॅनोमटेरियलने यातली वेळेची अडचण सुटत नाही हे मान्य करावंच लागेल. टिकण्याची सुटू शकते. पोचल्यावर पेशी दोन दिवसांऐवजी दोन आठवडे काम करत राहिल्या तर निकाल वेगळा लागला असता का, हे माणसात कुणी तपासलेलं नाही, आणि आमची सगळी धडपड त्याच्यासाठीच आहे.

जुन्या किडनीच्या आजारात, म्हणजे शुगरवाल्या, युरोपमध्ये १६ पेशंटची एक छोटी ट्रायल झाली, २०२३ ला निकाल आला, त्यात किडनी उतरण्याचा वेग पेशी दिलेल्यांमध्ये कमी दिसला आणि सुरक्षितही वाटलं. १६ म्हणजे आमच्या कॅन्टीनच्या दोन टेबलांवरची माणसं. आशा ठेवायला पुरेसे आहेत, शेत विकायला नाहीत.

---

डायलिसिसताई

मी साताऱ्याकडे डायलिसिस टेक्निशियन आहे १४ वर्षं. नानांनी नॅनो नॅनो केलंय म्हणून सांगते, भातवाल्या दादा, तुमच्या अण्णांना हिमोग्लोबिनसाठी डायलिसिसच्या वेळी ते चॉकलेटी रंगाचं आयर्न सुक्रोजचं इंजेक्शन देत असतील तर ते नॅनोच आहे बरं का. लोखंडाचा काही नॅनोमीटरचा गाभा आणि वरून साखरेचं आवरण. आमच्या एका सरांनी सांगितलेलं, तेव्हा आम्ही सगळ्या हसलेलो की रोज सकाळी नॅनोटेक्नॉलॉजी सलाईनमध्ये मिसळतोय आणि पगार तोच.

आता कामाचं. स्टेम सेलचं राहू दे बाजूला, हे करा:

आईला मापाचं भांडं आणून द्या, २४ तासांची लघवी रोज मोजून वहीत लिहायची. "वाढलीये वाटतं" याला अर्थ नाही, मिलिलिटर पाहिजेत. वही डायलिसिसला येताना आणा. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात क्रिएटिनीन पूर्वीइतकं चढत नसेल तर किडनी जागी होतेय, तेव्हा डॉक्टर स्वतःच डायलिसिस लांबवतात. डायलिसिस चालू असताना बीपी पडून चक्कर, घाम, गोळे यायला लागले तर लगेच आम्हाला सांगायचं, सोसत बसायचं नाही, कारण बीपी पडलं की भरत आलेल्या किडनीला परत मार बसतो. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणायची नाही, डायक्लो तर अजिबात नाही. आणि कुणी मूतखड्याचा, किडनीचा काढा आणून दिला तर नमस्कार करून ठेवून द्या.

मानेतल्या नळीला पाणी लागू देऊ नका. मला किडनीपेक्षा त्या नळीच्या इन्फेक्शनची जास्त भीती वाटते, खरं सांगते.

---

हिशोबी

लिहू का नको विचार करत होतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही हेच केलंय. आईची किडनी शुगरने गेलेली, क्रिएटिनीन ६. मुंबईत एका ठिकाणी, नाव लिहीत नाही वकील म्हणाला नको. तेव्हा नॅनो शब्द नव्हता, 'ॲक्टिव्हेटेड' होता. ३ लाख ७० हजार. प्रत्येक डोसच्या आधी क्रिएटिनीन त्यांच्याच लॅबमध्ये करायचे आणि ते दर वेळी थोडं कमी यायचं, आणि आमच्या गावच्या लॅबमध्ये केलं की वाढलेलं. विचारलं तर म्हणे मशीनमध्ये फरक असतो. पाचव्या महिन्यात डायलिसिस सुरू झालं. डायलिसिस सरकारी योजनेत मोफत होतंय आता, म्हणजे ज्या गोष्टीला पैसे लागत नव्हते ती टाळायला पावणेचार लाख घातले.

मला राग त्या डॉक्टरचा कमी आणि कागदाचा जास्त येतो. आम्ही सही केलेल्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं की हा प्रायोगिक उपचार आहे. आईची सही मराठीत आहे त्याच्याखाली.

---

रात्रपाळी

हिशोबी काका, वाईट वाटलं वाचून. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, याच धाग्यात राहायला पाहिजे ते.

तुमच्या कागदावरून नियमाचं सांगतो. आयसीएमआर (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) आणि डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) यांची २०१७ ची स्टेम सेलची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी बोनमॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेलचा बाकी सगळा वापर संशोधन समजायचा, आणि तो फक्त मंजूर झालेल्या ट्रायलमध्ये करायचा. आणि ट्रायल असेल तर त्या उपचाराचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नाहीत. म्हणजे ब्रोशरवाल्याला कोंडीत पकडणं सोपं आहे. "ट्रायल आहे" म्हणाला तर पैसे कसले? "ट्रायल नाही, ट्रीटमेंट आहे" म्हणाला तर परवानगी कुठे? ट्रायल असेल तर तिचा नंबर सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होतो, सरकारी वेबसाइटवर कुणालाही बघता येतो. तो नंबर मागा फक्त.

आणि भारतात काहीच होत नाही असंही नाही हां. बंगळुरूच्या कंपनीने एमएससीचं औषध बर्जर आजारासाठी, तो बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा, पायाची बोटं काळी पडतात तो, रीतसर ट्रायल करून परवानगी घेऊन आणलंय. रस्ता आहे, लांबचा आहे एवढंच.

जाता जाता, साप-विंचवाचा विषय निघाला म्हणून. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचू चावलेल्या कितीतरी पेशंटचे जीव प्राझोसिन नावाच्या बीपीच्या साध्या गोळीने वाचवले, पद्मश्री मिळाली त्यांना २०२२ ला. आमच्या वॉर्डात ती गोळी काही रुपयांना मिळते. नानांनी मनाला लावून घेऊ नये.

---

नॅनोनाना

लावून घेतलं. :) पण बरोबर आहे.

---

भातवाला_पोरगा

अपडेट देतो, आठ दिवस झाले. आज ४४ वा दिवस.

वही केली. पहिल्या दिवशी ४२० मिली, परवा ७८०, काल ११५०. डायलिसिस आठवड्यातून ३ वरून २ केलंय. डॉक्टरांना रात्रपाळी सरांचा प्रश्न विचारला तर ते जरा बघतच राहिले आणि मग कागदावर चित्र काढून सांगितलं, सीटी केली होती म्हणे, साल शाबूत आहे, एका किडनीत थोडासा भाग गेलाय. पूर्ण नॉर्मल होईल का सांगता येत नाही पण डायलिसिस सुटेल असं त्यांना वाटतंय. एवढं बोलायला त्यांना चार मिनिटं लागली. मी उगाच महिनाभर घाबरून विचारलं नव्हतं.

क्लिनिकला आतेभावाकडूनच फोन लावला, स्पीकरवर. त्याने सीटीआरआय नंबर मागितला. मॅडम म्हणाल्या, "सर तो नंबर ॲडव्हान्स भरल्यावर पेशंटच्या फाइलवर येतो." मग म्हणाल्या या महिन्यात बुक केलं तर एक डोस फ्री आहे. आतेभाऊ आयटीतला आहे, त्याने फोन ठेवला आणि पाच मिनिटं काही बोललाच नाही. आत्या अजून धुसफुसतेय पण दहा गुंठ्यांचं बोलणं थांबलंय.

नाना सर, अण्णांनी विचारलंय, तुमच्या त्या उंदरांना चिखलात लावल्यावर कापणी किती दिवसांनी?

डायलिसिसताई, नळीवर प्लास्टिक बांधून कोमट पाण्याने गळ्याखाली अंघोळ चालेल का? दीड महिना नुसतं पुसून काढतोय, वैतागलेत.

---

नॅनोनाना

अण्णांना सांगा उंदरांची कापणी २८ दिवसांनी, आणि पीक बहुतेक वेळा आमच्या अंदाजापेक्षा कमीच येतं.

---

डायलिसिसताई

११५० मिली वाचून बरं वाटलं. गळ्याखाली नको दादा, कमरेखाली चालेल, खुर्चीत बसवून मगाने. वरचं अंग पुसूनच काढा अजून. केस धुवायचे असतील तर डोकं मागे झुकवून, दुसऱ्या कुणीतरी धुवायचे, ड्रेसिंगवर टॉवेल. ओलं झालंच तर तसंच ठेवू नका, त्याच दिवशी सेंटरला जाऊन बदलून घ्या.